वडिलांच्या माघारी घरातली बंदूक

प्रश्न : सिंधुदुर्गातील आमच्या घरी वडिलांच्या नावे शेतीसंरक्षण परवान्यावरील बारा बोअरची बंदूक आहे. महिन्यापूर्वी वडील वारले. बंदूक पलंगाखाली आणि काडतुसे कपाटात आहेत. परवाना माझ्या नावे होईपर्यंत ती घरीच ठेवता येईल का?

उत्तर : नाही. परवाना घराण्याचा नसून व्यक्तीचा असतो, म्हणून परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे शस्त्र व काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. आधीच महिना उलटला आहे. आजच ठाण्यात कळवा. ती भरलेली आहे असेच समजा, चापाला हात लावू नका आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. पावसाळी हवेत काडतुसांच्या पितळी बुडाला हिरवट गंज चढतो. तशी काडतुसे वेगळी दाखवा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या परवान्यातील नोंदींशी ताडून पाहा, कारण पुढे एका काडतुसाचा हिशेब लागला नाही तरी खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. त्यानंतर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि सातबारा जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावे अर्ज करा. परवाना मिळाल्यावर मात्र बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ली केवळ तुमच्याजवळ असावी. पलंगाखालची जागा बंदुकीची नव्हे, हे मी कळकळीने सांगतो.