पहिला दगड जातो, तिसऱ्यावर उलटता? आधी फोर्क बघा

"वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या उतारावर पहिला दगड आरामात जातो, दुसरा कसाबसा, तिसऱ्यावर पुढचं चाक अडकतं आणि मी हँडलवरून पलीकडे." पुण्याच्या टेकडीवर माउंटन बाईक चालवतानाचं तुमचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझं अगदी हेच व्हायचं. तुम्हाला सगळे "अजून मागे सरका", "घाबरू नका" सांगतायत. मला वाटतं, घोडं तिथे अडलेलंच नाही.

पेडल समांतर, कोपरं बाहेर, नजर दगडाच्या पलीकडे हे तुम्हाला येत असणार. ते सोडून देतो.

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे, धक्के झेलणारे दोन पाय. त्यातल्या उजव्या पायाच्या तळाशी बहुधा लाल नॉब असतो, तो रिबाउंडचा. दाबलेला फोर्क किती वेगाने परत वर यायचा, ते त्यावर ठरतं. तो फार मंद केला असेल तर पहिल्या दगडावर फोर्क दबतो आणि पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड येतो. तिसऱ्यापर्यंत तो दबलेलाच राहतो. पुढची बाजू खाली गेलेली, अंगाचं वजन पुढे, आणि चाकाला दगड चढायला जागाच नाही. म्हणून पहिला जातो आणि तिसरा पाडतो.

माझा फोर्क सर्व्हिसिंगहून आला तो नॉब पूर्ण मंद बाजूला फिरवूनच. दुकानाचं नाव घेत नाही. तक्रार घेऊन गेलो तर, "बाईक ओके आहे सर, टेक्निकवर काम करा." पुन्हा गेलो, पुन्हा तेच. एकानेही खाली वाकून नॉबला हात लावला नाही. मनगट मोडलं, अख्खा हिवाळा प्लास्टर आणि व्यायामात गेला, आणि आपल्याला हे जमणारच नाही असं वाटायला लागलं. याचा राग अजून आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्याने गिऱ्हाइकाची हिंमत काढण्याआधी स्वतःचं काम तपासायला नको? शेवटी टेकडीच्या पायथ्याशी एका अनोळखी रायडरने सहज हँडल दाबून सोडलं आणि म्हणाला, "हा वर यायला एवढा वेळ का घेतोय?"

तुम्हीही तेच करा. हँडल जोरात दाबून सोडा. फोर्क झटकन वर यायला हवा, पण चाक जमिनीवरून उडता कामा नये. नॉब एकेक क्लिक फिरवून तोच दगडांचा पट्टा पुन्हा चालवा. त्याआधी फोर्कमधली हवा बघा: हेल्मेट, पॅड वगैरे सगळं घालून पेडलवर उभं राहिल्यावर फोर्क साधारण पाव भाग दबावा, म्हणजे एकूण १२० मिमी दबणाऱ्या फोर्कला ३० मिमी. हवा शॉक पंपानेच (फोर्कसाठीचा खास हातपंप) भरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी फोर्कला कधीही लावू देऊ नका. टायरच्या कडेवर छापलेला जास्तीत जास्त आकडाही भरू नका, दगडावर टायर उसळतो. ट्यूब असेल आणि वजन सत्तरच्या आसपास असेल तर मी २८–३० पीएसआयपासून सुरुवात करेन.

आता "मागे सरका" या सल्ल्याबद्दल. मला तो पटत नाही. मागे गेलं की हात ताठ होतात, पुढचं चाक हलकं होऊन पकड सोडतं. हनुवटी स्टेमच्या (हँडल मधोमध धरणारा तुकडा) वर, कंबर वाकलेली, आणि ब्रेक दगडाच्या आधी. चाक दगडाला लागताना पुढचा ब्रेक सुटलेला हवा. ड्रॉपला, म्हणजे वाट पायरीसारखी एकदम खाली जाते तिथे, मात्र थोडा वेग हवाच. मागचं चाक कडेवर पोचायच्या आत पुढचं खाली गेलं की उलटलातच. कडेवर हात पुढे ढकला, हँडल वर ओढू नका. फुटपाथच्या कडेवरून सराव सुरू करा.

मी कोच नाही, आणि तुमचा फोर्क साधा स्प्रिंगचा असेल तर हा नॉब कदाचित नसेलही. मग आधी टायर आणि ब्रेकवरच लक्ष द्या.

आणि हो, पावसाळ्यात त्या काळ्या दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे जाऊच नका. दिवाळीनंतर दगडावर सुटा मुरूम असतो, पायी चालून कुठून उतरायचं ती लाइन बघून घ्या. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा असतात, वळणाआधी वेग कमी करा आणि लांबूनच आवाज द्या.