स्पेनच्या एखाद्या बेटावर सुट्टी आणि स्पॅनिशचा कोर्स, दोन्ही एकत्र जमेल का?

जमेल, आणि मी मायोर्काच सुचवेन. पाल्मा शहरात सकाळी वर्ग, दुपारनंतर समुद्र, असा दिवस छान बसतो. तिथे कातालानही राजभाषा आहे, त्यामुळे पाट्या बहुतेक त्याच भाषेत दिसतील. गोंधळू नका, स्पॅनिश सगळ्यांना येतं. खरी अडचण वेगळी: किनाऱ्यावरचे वेटर पर्यटकांशी थेट इंग्रजी किंवा जर्मनच बोलतात. म्हणून हॉटेल नको, स्थानिक कुटुंबाकडे खोली घ्या. रोजच्या जेवणाच्या टेबलावर जेवढं बोलायला शिकाल, तेवढं पुस्तकातून नाही. शाळेला सर्व्हान्तेस संस्थेची (स्पॅनिशचा प्रसार करणारी स्पेनची सरकारी संस्था) मान्यता आहे का बघा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेल. जुलै-ऑगस्ट टाळा, सप्टेंबरात गर्दी ओसरते, पाणी मात्र उबदार असतं. आणि १९१२ पासून धावणाऱ्या लाकडी डब्यांच्या गाडीने एका दुपारी सोयेर गावाला जाच!