काचोंच्या टेबलापर्यंतचा रस्ता

जपानमधल्या एका प्रांतिक सरकारी कार्यालयात मी चार वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक होते, म्हणजे तिकडच्या भाषेत 'सीआयआर'. त्या नोकरीबद्दल आलेल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

ताई, मी पुण्यात जपानी शिकतेय, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री पातळी झाली. 'जेट'मधून अर्ज करू का?

सीआयआरसाठी एन-थ्री अपुरी आहे. परदेशी तरुणांना जपानच्या शाळा-कार्यालयांत नेमणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या जेट कार्यक्रमात शाळेत शिकवणाऱ्या एएलटींना जपानी येण्याची सक्ती नसते, पण सीआयआरकडून एन-टू किंवा एन-वन या एन-थ्रीहून वरच्या पातळ्यांच्या तोडीची भाषा अपेक्षित असते. पाहुण्यांसाठी दुभाषाचं काम, महापौरांच्या भाषणाचं भाषांतर, आपत्तीच्या वेळची सूचनापत्रकं, असलं काम अंगावर येतं. तिथे कच्च्या भाषेने आपली फजिती होतेच, शिवाय साहेबांचीही होते. वर्षभर थांबा, एन-टू करा.

परदेशी रहिवाशांसाठी भूकंप-सरावाचा प्रस्ताव मी बैठकीत मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, काचो, म्हणजे विभागप्रमुख, 'केन्तो शिमासु' म्हणाले. दोन महिने झाले, पुढे काही नाही.

'केन्तो शिमासु' म्हणजे आपलं 'बघू, कळवतो'. आपल्याकडे त्याचा अर्थ तुम्हाला बरोबर कळला असता!

तिथे निर्णय बैठकीत होत नाही. आधीच झालेला निर्णय बैठकीत फक्त उच्चारला जातो. त्याआधी 'नेमावाशी' करायची असते. झाड दुसरीकडे लावायचं तर आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात, त्यावरून आलेला हा शब्द. आधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी बोला, मग काकारिचोंशी, म्हणजे काचोंच्या हाताखालच्या गटप्रमुखांशी, मग ज्या विभागाचं सहकार्य लागेल तिथल्या माणसाशी. पण तिथे काकारिचोंना सोबत घेऊन जा. मी एकदा दुसऱ्या विभागाच्या काचोंना थेट मेल धाडला होता. उत्तर फार गोड आलं, आणि माझे काकारिचो जाऊन माफी मागून आले. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

मग लेखी प्रस्ताव एकेक शिक्का घेत वर चढतो. आता पुष्कळ ठिकाणी शिक्क्याऐवजी संगणकावर मंजुरी मिळते, रस्ता मात्र तोच.

दुसरी अडचण पैशांची. आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं आणि विभागांच्या मागण्या आधीच्या शरद ऋतूत जातात. पुढच्या १ सप्टेंबरला, म्हणजे १९२३ च्या कान्तो भूकंपाच्या स्मरणदिनी, सराव हवा असेल तर यंदाच्या ऑक्टोबरपर्यंत आकडा कागदावर हवा. आणि एप्रिलमध्येच बदल्याही होतात. आज मान डोलावणारे काचो तेव्हा पाणीपुरवठा विभागात असतील. त्यांनी तोंडी दिलेला होकार त्यांच्याबरोबर जातो, फाइल तेवढी मागे राहते.

पाच वर्षांनंतर कायम होता येतं का?

जेटमधून नाही. करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. वेगळी भरती परीक्षा देता येते. कावासाकी शहराने १९९६ मध्ये अग्निशमन सोडून बहुतेक पदांसाठीची नागरिकत्वाची अट काढली, नंतर इतरही शहरांनी काढली. पण अधिकारपदाची आशा धरू नका. टोकियो महानगर सरकारने एका कोरियन नागरिक असलेल्या आरोग्य परिचारिकेला व्यवस्थापक पदाची परीक्षा नाकारली होती. तो नकार घटनाबाह्य नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. मला तो पटत नाही, पण नोकरीचं गणित त्याच्यावरच मांडावं लागतं.

सुट्टीवरून परतताना ऑफिससाठी बाकरवडी नेऊ का?

न्या, पण एकेक वेगळी बांधलेली मिळाली तरच. मोठं पाकीट फोडून ठेवलंत तर कोणी हात घालणार नाही. मी सुटी गुंडाळलेली चिक्की ठेवली होती, तासाभरात संपली. माफी मागून आलेल्या त्या काकारिचोंनी दोन उचलल्या.