पायातून निघालेली काळी माती जोत्यात भरली तर चालेल का? (सांगली)

नाही, मुरमाचे पैसे वाचतील पण फरशी जाईल. मिरज-सांगली पट्ट्यातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. ते पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मग फरशी मधोमध उचलते, टाइल पोकळ वाजते, दार खाली घासायला लागतं, आणि बोल लागतो बिचाऱ्या फरशीवाल्याला. भराव मुरमाचाच करा: 6 इंचांचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणं, मगच पुढचा थर. दोन फूट एकदम ओतून नुसतं पाणी सोडलं, तर मुरूमसुद्धा नंतर खचतो. त्यावर दगडी सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) आणि 4 इंच 1:4:8 चं (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट. मात्र खणताना काळी माती वरच्या फूट-दीड फुटातच संपून खाली मुरूम लागला, तर त्याचा ढीग वेगळा करा, तो खुशाल वापरा. मातीची शंका असेल तर 425 मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली 10-10 ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घ्या, एकात 100 मिलीपर्यंत पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा, ढवळा आणि 24 तास ठेवा. पाण्यात तळाशी बसलेली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीपेक्षा जास्त मिली भरली, तर ती सरळ शेतात नेऊन टाका.