इंग्रजी नाटकांतल्या अवतरणांसाठी एकच कोश घ्यायचा तर कोणता, आणि त्यात वाक्य कसं शोधायचं?

एकच घ्यायचा तर ऑक्सफर्डचा अवतरणकोश घ्या. पहिली आवृत्ती १९४१ची, पण जुन्या बाजारात मिळेल ती नंतरची कुठलीही चालेल. त्यात लेखक आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, नाटकाच्या वाक्याखाली अंक-प्रवेश असतो आणि मागे जाडजूड शब्दसूची. बार्टलेटचा कोश (१८५५) लेखकांना काळानुसार लावतो, त्यामुळे सूचीशिवाय त्यात हात घालू नये. त्याच्या जुन्या आवृत्त्या नेटवर फुकट आहेत. मात्र १८९१च्या नवव्या आवृत्तीत ऑस्कर वाइल्डचं १८९५चं नाटक शोधत बसाल तर वेळ वाया जाईल. प्रेम, मृत्यू, मैत्री अशा विषयवार संग्रहांत वाक्याखाली नुसतं ‘शेक्सपिअर’ लिहिलेलं असेल, तर ते पुस्तक परत ठेवा.

सूचीत शोधताना वाक्यातला सगळ्यात दुर्मिळ शब्द धरा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातल्या ‘अलास, पुअर यॉरिक’साठी ‘यॉरिक’ बघा. ‘पुअर’खाली ढिगानं नोंदी सापडतील. तिथे गेल्यावर कळेल की पुढे ‘आय न्यू हिम, होरेशिओ’ आहे; लोकांच्या तोंडी बसलेलं ‘आय न्यू हिम वेल’ नाटकात नाहीच. शब्द सापडला नाही तर आपल्या आठवणीवर शंका घ्या आणि वाक्यातला दुसरा शब्द धरा. ‘म्युझिक हॅज चार्म्स टु सूद अ सॅव्हेज ब्रेस्ट’ हे ‘बीस्ट’खाली शोधणारे पुष्कळ, आणि ते शेक्सपिअरच्या नावावर खपवणारेही. ते काँग्रीव्हच्या ‘द मोर्निंग ब्राइड’ (१६९७) या नाटकाचं पहिलंच वाक्य आहे.

सापडलं तरी लगेच उतरवू नका, तो प्रवेश काढून वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते बघा. ‘नीदर अ बॉरोअर नॉर अ लेंडर बी’ शेक्सपिअरचा उपदेश म्हणून सर्रास छापतात. नाटकात तो पोलोनिअस आपल्या मुलाला करतो, आणि पोलोनिअस किती पाल्हाळ लावतो हे हॅम्लेट वाचलेल्याला सांगायला नको.

संदर्भात अंक आणि प्रवेश द्याच. ओळीचा आकडा दिलात तर आवृत्तीचं नावही द्या. यॉरिकचा प्रवेश बराचसा गद्यात आहे, आणि गद्याच्या ओळी पानाच्या रुंदीप्रमाणे तुटतात, म्हणून तेच वाक्य प्रत्येक आवृत्तीत वेगळ्या आकड्यावर येतं.