रुग्णालयाच्या नोंदींवरून मानवी तस्करीचे बळी ओळखता येतील का?

आपण विचारले आहे की, रुग्णालयात साठलेल्या नोंदी संगणकाने चाळून मानवी तस्करीत अडकलेली माणसे ओळखता येतील का. पुण्यातील एका रुग्णालयात मी बरीच वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आहे. संशय घ्यायला नोंदी फार उपयोगी पडतात. परंतु केसपेपरवर जे लिहिलेच गेले नाही, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पोटात दुखते म्हणून एक मुलगी आली. सगळी उत्तरे बरोबरची बाई देत होती, फाइल तिच्याच काखेत होती आणि पहिल्यांदाच आलो आहोत असे ती सांगत होती. नोंदणी विभागात त्या बाईच्या मोबाइल नंबरावरून शोधले, तेव्हा चौदा महिन्यांतले चार केसपेपर निघाले. नाव दोनदा बदललेले, पत्ता एकदा देहविक्रयाची वस्तीही असलेल्या बुधवार पेठेचा तर एकदा हडपसरचा, वय मात्र चारही वेळा १९. एकदा गर्भपातानंतरचा रक्तस्राव, दोनदा लघवीचा संसर्ग, एकदा मनगटाचे हाड मोडलेले आणि पुढे ‘जिन्यावरून पडली’ असा शेरा. सुटा वाचला तर प्रत्येक कागद साधाच होता. मनगटाचा जुना एक्स-रे मी डॉक्टरांना पुन्हा पाहायला लावला. हाडाच्या टोकाची वाढीची रेषा त्यात अजून उघडी होती, आणि मुलींमध्ये ती साधारणपणे १६ ते १८ वर्षांच्या दरम्यान बुजते. तिचे खरे वय आमच्याच कपाटात पडून होते. ते कोणी वाचले नव्हते.

त्यानंतरची चूक माझी. त्या बाईसमोरच मी मुलीला विचारले, “तुला कोणी मारते का?” तिने मान खाली घालून नाही म्हटले. त्याच रात्री, आम्ही पोलिसांना कळवण्याआधी, डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, तिला नेण्यात आले. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे.

आता आमच्या सिस्टर अशा रुग्णाला वजन करायला किंवा लघवीचा नमुना घ्यायला म्हणून एकटीला आत नेतात. प्रश्न साधेच असतात: झोपता कुठे, दाराला कुलूप कोण लावते, आधार कार्ड कोणाकडे आहे, घरी फोन करता येतो का. रुग्णाची भाषा बंगाली, नेपाळी किंवा कन्नड असेल, तर बरोबर आलेल्या माणसाला दुभाषा करू नये. उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे, आपला निष्कर्ष त्यात मिसळू नये. हे केवळ देहविक्रयापुरतेही नाही. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर डांबलेला मजूर चार दिवसांची चिघळलेली जखम घेऊन येतो, तेव्हा बोलणारा मुकादमच असतो.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१८ पासून निदानाच्या संकेतांकांमध्ये लैंगिक शोषण आणि सक्तीची मजुरी यांसाठी स्वतंत्र संकेतांक आले, आणि त्यांतही ‘संशयित’ व ‘निश्चित’ असा भेद ठेवला आहे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण पुरावा नसताना शिक्का मारण्याच्या भीतीने आपले डॉक्टर काहीच न लिहिता पुढे जातात.

कायद्याचे थोडक्यात सांगते. रुग्ण १८ वर्षांखालील असल्याचे दिसले आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिची संमती आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. स्वेच्छेने देहविक्रय करणारी प्रौढ स्त्री तस्करीची बळी ठरत नाही, त्यामुळे नुसता बुधवार पेठेचा पत्ता हे संशयाचे कारण होऊ शकत नाही.

आपण अशी प्रणाली तयार करणार असाल, तर एकाच मोबाइल नंबरावर वेगवेगळी नावे, वर्ष उलटूनही न वाढणारे वय आणि वारंवार घेतलेला डामा, एवढे तिने प्रथम शोधावे. निघालेली खूण फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना व समाजसेवा विभागाला दिसावी, आणि ती कोणी उघडली याची नोंद राहावी. केसपेपर व डिस्चार्ज कार्ड रुग्णाबरोबर बाहेर जातात आणि अशा रुग्णाच्या बाबतीत ते डांबून ठेवणाऱ्याच्याच हातात पडतात, म्हणून त्या छापील कागदांवर ती खूण कधीही उमटता कामा नये.