वाचकांचे प्रश्न : रशियन पुंगळी नेमकी कोणत्या तोफेची?

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारात जुन्या पितळेच्या ढिगात मला एक मोठी पुंगळी (तोफेच्या गोळ्यामागची, दारू भरण्याची धातूची नळी) मिळाली. तिच्या बुडावर रशियन अक्षरे व आकडे ठोकलेले असून लांबी ३८५ मिलिमीटर आणि तोंडाचा व्यास सुमारे ७६ मिलिमीटर भरतो. ती दुसऱ्या महायुद्धातील रणगाडाविरोधी तोफेची आहे, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तसेच त्याच्याकडे एक टोकदार ‘भरीव’ गोळाही आहे. या दोन्ही वस्तू संग्रहात ठेवाव्यात का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपली मापे बरोबर असतील, तर पुंगळी १९४२च्या नमुन्याच्या झिस-३ या सोव्हिएत ७६ मिलिमीटर तोफेत चालणाऱ्या जातीची आहे, परंतु तेवढ्यावरून ती युद्धकाळातील ठरत नाही. हीच पुंगळी टी-३४ रणगाड्याच्या ७६ मिलिमीटर तोफेत वापरली जाई आणि युद्धानंतर बनलेल्या पीटी-७६ या उभयचर रणगाड्यातही तीच कायम राहिली. पीटी-७६ आपल्या सैन्याकडे होते व १९७१च्या युद्धात गरीबपूरच्या लढाईत ते उतरले होते. त्यामुळे भारतातील मोडबाजारात सापडलेली पुंगळी या रणगाड्याची असण्याचा संभव मला अधिक वाटतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या, ६९५ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीबाबतही असाच घोटाळा होतो : १९४४ची बीएस-३ तोफ आणि आपल्याकडे दीर्घकाळ राहिलेला टी-५५ रणगाडा यांचा दारूगोळा एकच.

निर्णय बुडावरच्या ठशांवरून करावा. तेथे कारखान्याचा क्रमांक, उत्पादनाची तुकडी आणि वर्ष असते. मात्र पितळी पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरण्याची पद्धत असल्याने, ठशातील वर्ष पुंगळी घडवल्याचे असते, ती डागल्याचे नव्हे. बाजूवर काळ्या रंगात छापलेली अक्षरे टिकली असतील, तर त्यांचे मोल ठशांहून कमी नाही. म्हणून चिंच-मीठ लावून पुंगळी चकचकीत करण्याचा मोह आवरावा. (आपल्याकडे पितळ घरात आले की पहिले काम तेच होते.) पितळेच्या टंचाईमुळे युद्धात पोलादी पुंगळ्याही बनल्या; गंजक्या दिसतात म्हणून त्या टाकून देऊ नयेत. तुलनेसाठी सांगायचे तर ४५ मिलिमीटर तोफेची पुंगळी ३१० मिलिमीटर लांब असते आणि ५७ मिलिमीटरच्या झिस-२ची ४८०.

गोळ्यावरचा संकेतांक वाचणे सोपे आहे. ‘बीआर’ म्हणजे चिलखतभेदी. पुढील दोन अंक व्यासाचे, म्हणजे २४ असल्यास ४५ मिलिमीटर, २७ असल्यास ५७, ३५ असल्यास ७६ आणि ४१ असल्यास १००. अक्षरांआधी ‘यू’ असेल, तर तो गोळा व पुंगळी मिळून झालेल्या संपूर्ण फैरीचा संकेतांक असतो.

तो टोकदार गोळा मात्र मुळीच घेऊ नये. रशियन चिलखतभेदी गोळे बाहेरून भरीव भासले, तरी त्यांपैकी बहुतेकांच्या मागच्या भागात स्फोटकाची लहान पोकळी आणि बुडाशी फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) असतो. म्हणजे टोकाला फ्यूज दिसत नाही, एवढ्यावरून गोळा निर्धोक समजणारा माणूस नेमक्या चुकीच्या टोकाकडे पाहत असतो. डागलेला पण न फुटलेला गोळा तर अधिकच बेभरवशाचा. तो हलवू, कापू किंवा तापवू नये. विक्रेत्यालाही दूर राहण्यास सांगून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. देवळालीच्या गोळीबार क्षेत्राच्या आसपास मिळणाऱ्या कोणत्याही धातूच्या तुकड्यालाही हाच नियम लागू आहे.

रिकाम्या पुंगळीच्या बुडातील प्रायमर, म्हणजे आतली दारू पेटवणारी टोपीही पाहावी. तिच्यावर ठोकल्याची खूण नसेल, तर ती जिवंत असू शकते व ती उघडणे आपले काम नव्हे. याशिवाय १९५९च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. त्यामुळे खरेदीची पावती जपून ठेवावी आणि पुंगळी घरी ठेवता येईल का, हे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून घ्यावे.